बटणाची पाटी

"परत पाठव ही," हे म्हणाले. खोकं अजून धड उघडलंसुद्धा नव्हतं.

"अहो, बघा तरी! मुक्ताने हौसेने पाठवलीय."

"बघितली. काचेची आहे. बटणं नाहीत हिला. मला नको."

मुक्ता म्हणजे आमची मुलगी, बेंगळुरूला असते. आमच्याकडचा ई-बुक रीडर जुना झाला होता, त्याची बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा तग धरत नव्हती, म्हणून तिने वाढदिवसाला बाबांना नवा पाठवला. आमच्या घरात त्या यंत्राला रीडर कधी कुणी म्हटलंच नाही. हे म्हणायचे पाटी, म्हणून मीही पाटीच म्हणायचे. जुन्या पाटीला दोन्ही कडांना बटणं होती. दाबलं की टक् आवाज यायचा आणि पान पुढे जायचं. नव्या पाटीला नुसती काच. बोट लावलं की पान उलटतं, आवाज नाही की काही नाही.

आता दुसऱ्या कुणी नको म्हटलं असतं तर मी समजू शकले असते. पण आमचे हे! वीज मंडळात इंजिनिअर होते. बाजारात नवीन काही आलं आणि आमच्या घरात आलं नाही असं सांगलीत कधी झालं नाही. गल्लीत पहिला मोबाइल यांचा. मिक्सर घरी आला की चटणी वाटायच्या आधी तो खोलून बघणार. असा माणूस नवीकोरी वस्तू न उघडता परत पाठव म्हणतो?

"कारण काय ते तरी सांगा."

"हात ओला असला की पानं भरकटतात म्हणे. माशी बसली तरी पान उलटतं."

"आपल्याकडे माशा कुठे आहेत?"

"मंदा, उगाच वाद घालू नकोस," ते म्हणाले. आणि हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी, भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत म्हणाले.

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी हायस्कुलात इतिहास शिकवायचे, पण शाळेत माझं नाव होतं ते पर्यवेक्षणासाठी. कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. बाह्या वर करायला लावणं, पायमोजे तपासणं असले प्रकार मी कधी केले नाहीत. मी फक्त डोळे बघायचे. बाकाजवळ जाऊन उभं राहायचं आणि पोराच्या डोळ्यांत बघायचं. ज्याच्याकडे काही नाही, तो सरळ बघतो. ज्याच्याकडे चिठ्ठी आहे, तो तुमच्या खांद्यावरून पलीकडे बघतो. सगळ्या नोकरीत हा हिशेब एकदाही चुकला नाही माझा.

आणि आता माझा नवरा माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता.

मग मी मागचं आठवायला लागले. गेले कितीतरी दिवस हे असंच चाललं होतं. जेवताना, बोलताना, नजरेला नजर म्हणून देत नव्हते. मी समोर बसले की मान जरा तिरकी करायचे. मला वाटलं होतं, वय झालं, मान आखडली असेल. काय बाई मी बावळट!

आमच्या घरात एक रिवाज होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लग्न झालं तेव्हापासून आम्ही दोघं एकाच वेळी एकच पुस्तक वाचत आलो. आधी ते नगर वाचनालयातून आणायचे, नंतर पाटी आली. दुपारी ते वाचणार, संध्याकाळी स्वयंपाक उरकून मी. आणि आठवडाभर त्यावर चकार शब्द काढायचा नाही. जे काय बोलायचं ते रविवारी सकाळच्या चहाला. आम्ही त्याला कोर्ट म्हणायचो. त्या कोर्टात आम्ही इतके कडकडून भांडायचो की मुक्ता लहान असताना रडायला लागायची. नायिकेने घर सोडलं ते बरोबर की चूक, यावरून एकदा हे चहा अर्धा टाकून उठून गेले होते. आमच्यात साडीवरून, सासूवरून फारशी भांडणं झाली नाहीत. झाली ती सगळी पुस्तकांवरून झाली, आणि खरं सांगायचं तर माझा संसार त्या भांडणांवर उभा होता. इतर बायका नवऱ्याने आणलेला गजरा सांगायच्या, मी मनातल्या मनात रविवारची वाट बघायचे.

आणि या कोर्टातही अलीकडे काहीतरी बिनसलं होतं. बोलायचे ते झकास. पण पाटी संध्याकाळी माझ्या हातात यायची तेव्हा भलत्याच पानावर उघडी असायची. म्हणजे चालू असायची नावाड्याची कादंबरी, हे सांगणार, मी पुरापर्यंत आलोय, आणि पाटीवर पुस्तकाचं शेवटचं पान! म्हटलं तर, "चुकून बटण दाबलं गेलं असेल." शिवाय बोलण्याची तऱ्हाही बदलली होती. पूर्वी म्हणायचे, लेखकाने हे वाक्य कसं बांधलंय बघ. आता म्हणत, "तो नावाडी कसा कुजबुजतो गं तिथे! शेवटच्या शब्दाला आवाज कसा फुटतो!" कागदावरचा नावाडी कधी कुजबुजतो का? मला तर कुणाचा आवाज ऐकू आला नव्हता.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फिरणं. दुपारचा चहा झाला की हे फिरायला जायचे आणि जाताना पिशवीत पाटी घालून न्यायचे. फिरायला जाणारा माणूस पाटी कशाला नेतो?

"घाटावर बसून वाचतो," म्हणे.

पार्सल आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दळण आणायला गेले. गिरणीतली लाइट गेली होती, म्हणून डबा तिथेच ठेवून मागच्या गल्लीने परत निघाले, तर कुमुद आठल्येंच्या दाराशी यांच्या चपला! चूक व्हायची शक्यताच नव्हती. डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता तो मीच घरी लाल दोऱ्याने शिवला होता.

कुमुद आठल्ये पूर्वी रेडिओवर निवेदन करायच्या. एकट्याच राहायच्या. आमच्याहून थोड्या लहान, आणि आवाज असा, की भाजीवालीला भाव विचारला तरी ऐकत उभं राहावं. दार लोटलेलं होतं. आतून तो आवाज येत होता, हळू, शब्द काही कळत नव्हते. मध्येच हे हसले. असं मोकळं हसणं मी घरात कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

आत जाऊन काय म्हणणार होते मी? या वयात? मी तशीच घरी आले, गार पाणी प्याले आणि देवापुढे बसले. हात जोडायचेसुद्धा सुचले नाहीत. माझ्या डोक्यात एकच घुमत होतं, की हे आता रविवारचं कोर्ट तिकडे भरवतात. दुसरं काही असतं तर कदाचित मी सोसलंही असतं. पण ते माझं होतं.

हे घरी आले. "कुठवर गेला होतात?" मी विचारलं.

"नेहमीचंच. घाट." कॅलेंडराकडे बघत.

"गर्दी होती का?"

"नव्हती गं फारशी."

पर्यवेक्षकाने संशय आल्या आल्या ओरडायचं नसतं. ओरडलं की पोरगं चिठ्ठी गिळून टाकतं. गप्प बाकाशेजारी उभं राहायचं आणि त्याला चूक करू द्यायची. जे काही होतं ते त्या जुन्या पाटीत होतं, अशी माझी खात्री पटली होती. नाहीतर नव्या पाटीला एवढा विरोध कशाला? निरोप असतील, आणखी काही असेल, मला त्यातलं कळत नव्हतं. मी शनिवारी सकाळी जुनी पाटी उचलली, फडक्यात गुंडाळली आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवली.

मग जी शोधाशोध सुरू झाली म्हणता! कपाट, उशी, टीपॉय. आणि शोधायची रीत तरी कसली? प्रत्येक फळीवरून हात फिरवत, चाचपत. चष्म्याच्या डबीला हात लागला, ती उचलली, खाली ठेवली, पुन्हा तीच उचलली. म्हटलं, बघा, माणूस किती घाबरलाय.

"मंदा, माझी पाटी बघितलीस?"

"नाही बाई. नवी आहे की. तीत मुक्ताने सगळी पुस्तकं घालून दिलीत. उद्या रविवार. वाचून ठेवा, नाहीतर हराल."

संध्याकाळी ते फिरायलाही गेले नाहीत. गॅलरीत नुसते बसून राहिले.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन गॅलरीत गेले. हे माझ्याकडे पाठ करून खुर्चीत बसले होते, मांडीवर नवी काचेची पाटी. मी मुद्दाम पाय न वाजवता मागे जाऊन उभी राहिले, वर्गात राहायचे तशी.

मान डोलत होती. बोट मधूनमधून काचेवरून फिरत होतं. "वा!" स्वतःशीच म्हणाले, पण मला ऐकू जावं इतक्या मोठ्याने. "काय लिहितो हा माणूस!"

मी वाकून बघितलं. पाटीवर पुस्तक नव्हतंच. अक्षर लहान-मोठं करायचा तक्ता उघडला होता. एका खाली एक, बारीक अ, मोठा अ, आणखी मोठा अ. बोट चुकून कुठेतरी लागलं असणार आणि तो तक्ता आडवा आला होता.

माझं डोकंच फिरलं. ढोंगी मेला! मन तिकडे, आणि माझ्यापुढे वाचनाचं नाटक! तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनी पान उलटायला पुन्हा बोट फिरवलं. तक्ता गेला आणि टाइप करायची अक्षरं आली. क, ख, ग, घ, चौकटीचौकटीत. यांनी मान हलवली, थोडं थांबले, एक पान वाचायला लागतो तेवढा वेळ, आणि पुन्हा बोट फिरवलं.

मनाचा कितीही कोडगा असो, समोर काय आहे ते दिसत असेल तर माणूस हे करणार नाही. मी कप सावरून पुढे झाले, तशा बांगड्या वाजल्या.

"आलीस?" हे दचकून म्हणाले. "बस. आज तुझी धडगत नाही."

"कुठल्या पानावर आहात?"

"पुराच्या. पाणी पार देवळाच्या पायरीला लागलंय."

मी कप खाली ठेवला. पाटी त्यांच्या मांडीवरून काढून घेतली. समोर खुर्ची ओढून गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"माझ्याकडे बघा."

त्यांनी माझ्या कानापलीकडे बघितलं.

"तिकडे नाही. माझ्याकडे. नीट बघा."

"मंदा, नीट बघितलं की तू दिसत नाहीस," ते म्हणाले.

खालच्या रस्त्यावरून दूधवाल्याची सायकल गेली.

"सरळ बघितलं की मधोमध काळा डाग येतो," ते सावकाश म्हणाले. "तुझा चेहरा त्यात जातो. जरा बाजूला बघितलं की कडेने तू येतेस. कान येतो, कुडी येते. वाचायचं तर गेलंच. ओळीकडे बघितलं की ओळ जाते."

"कधीपासून?"

"गणपतीच्या आधीपासून. आधी ओळी वाकड्या दिसायच्या. वाटलं, चष्म्याचा नंबर असेल."

"आणि आठल्ये बाई?"

ते ओशाळले. "कळलं होय तुला? त्या वाचून दाखवतात. पुढची दोन-चार प्रकरणं. रविवारपुरती. फार छान वाचतात गं. तो नावाडी..."

"माहीत आहे. कुजबुजतो."

"घरी बटण दाबत बसायचो. अंगठ्याला बटण लागायचं, टक् वाजायचं, म्हणजे पान पुढे गेलं. तुला आत स्वयंपाकघरात ऐकू जायचं. या काचेवर काय होतं तेच कळत नाही. कुठे लागलं, काय उघडलं, काही समजत नाही."

आता मात्र माझा बांध फुटला. "मला सांगायचं नाही? मी मेले होते का? परक्या बाईकडे जाऊन वाचून घेता आणि बायकोला..."

"तुला सांगितलं असतं तर तू माझ्याशी भांडली असतीस का?" त्यांचा आवाज चढला. "तू मला जिंकू दिलं असतंस! हो हो, तुमचंच बरोबर, असं म्हणाली असतीस. लाड केले असतेस. मला ते नको होतं. सगळं जाऊ दे, पण रविवार नको जायला."

मी उठले, तांदळाचा डबा उघडला आणि जुनी पाटी काढली. पदराने पुसून त्यांच्या हातात दिली.

"कुठे होती?"

"तांदळात."

"तांदळात!" ते म्हणाले, आणि इतक्या दिवसांनी माझ्या घरात हसले.

सोमवारी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. डोळ्यांत थेंब घालून त्यांना बाहेर बाकावर बसवलं, तपासण्या झाल्या, आणि मग डॉक्टरांनी मला एकटीलाच आत बोलावलं. पडद्याचा मधला भाग गेलाय, म्हणाले. आधी आला असतात तर बरं झालं असतं. कडेचं दिसत राहील, हिंडता-फिरता येईल. आणखी बिघडू नये म्हणून इंजेक्शनं देऊन बघू, पण गेलेलं परत येणार नाही. वाचता येईल अशी आशा ठेवू नका. चेहरेही ओळखू येईनासे होतील हळूहळू.

बाहेर आले. हे डोळे मिटून बसले होते.

"काय म्हणाले?"

"इंजेक्शनं द्यायची म्हणतात. सुधारेल म्हणाले. वेळ लागेल, पण सुधारेल."

"हं," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मी त्यांच्या शेजारी पलंगावर बसले. जुनी पाटी दोघांच्या मध्ये धरली. बॅटरी टिकत नव्हती म्हणून चार्जरची वायर भिंतीपर्यंत ओढली.

"मी वाचते," मी म्हटलं. "माझा आवाज रेडिओवाला नाही. घसा खडूने बसलेला आहे. चालेल?"

"वाच."

"आणि पान उलटायचं तुम्ही. मी शेवटच्या ओळीला आले की दाबायचं."

त्यांनी अंगठा बटणावर ठेवला. बटणावर अंगठा असा नुसता ठेवता येतो, दाबेपर्यंत काही होत नाही. काचेवर ठेवला असता तर पान कधीच उडालं असतं. मी वाचायला लागले. पहिल्या एक-दोन पानांना हे चुकले, मी थांबायच्या आत दाबायचे. मग जमलं. मी शेवटच्या ओळीला श्वास घेतला की टक्. पुन्हा वाचायचं, पुन्हा टक्.

पूर ओसरला. नावाडी घरी परत आला. आणि पुढच्या पानावर त्याचा म्हातारा बाप घाटावर बसलेला होता. रोज येणाऱ्या प्रत्येक होडीला विचारायचा, माझ्या पोराची होडी दिसली का रे? आणि पोरगा समोर उभा होता, अगदी हाताच्या अंतरावर, पण म्हाताऱ्याला तो दिसत नव्हता.

माझी नजर त्या ओळींवरून आधीच पुढे गेली होती. मी ते सगळं सोडलं, पानाच्या तळाशी आले, तिथलं एक साधं वाक्य वाचलं आणि श्वास घेतला.

टक् झालं नाही.

"दाबा ना," मी म्हटलं.

अंगठा बटणावर तसाच होता.

"पान अजून संपलं नाही, मंदा."

"संपलं."

"एवढंसं पान नसतं. इतकी वर्षं याच बटणावर बोट आहे माझं, पान केवढं असतं ते कळतं मला." ते माझ्याकडे वळले. कानापलीकडे नाही, सरळ माझ्याकडे, म्हणजे त्यांना मी अजिबात दिसत नव्हते. "गाळलंस ते वाच. आणि सकाळी डॉक्टरांचं गाळलंस, तेही."

मी म्हाताऱ्याचं ते सगळं वाचलं, शब्द न् शब्द. आवाज फुटत होता तरी वाचलं. मग डॉक्टर जे जे बोलले होते ते सांगितलं. चेहऱ्यांचंही सांगितलं.

मग त्यांनी दुसरा हात उचलून माझ्या तोंडावरून फिरवला, कपाळ, नाक, ओली झालेली हनुवटी.

"रविवारी सोडणार नाही हं तुला," ते म्हणाले. "तो म्हातारा मूर्ख आहे. दिसत नाही हे सांगायचं नाही का आधी?"

"मूर्ख तो पोरगा! बापाला हाक मारायला तोंड नव्हतं त्याला?"

"रविवारी," ते म्हणाले, आणि बटण दाबलं.

टक्. मी पुढचं पान वाचायला लागले.